ओसरीवर बसलेले कर्मवीर

मानसरोवर स्थानकावर उतरून कामोठ्याच्या वसाहतीत शिरले, की दोन प्रकारचे फलक नजरेत भरतात. एक बिल्डरांचे आणि दुसरे शाळांचे. शाळांच्या फलकांवर 'पब्लिक स्कूल' ही जोडी वारंवार भेटते. जी शाळा खरोखर पब्लिकच्या पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून चालते, तिच्या फलकावर हे शब्द नसतात. ईटन-हॅरोसारख्या महागड्या खासगी शाळांना पब्लिक स्कूल म्हणण्याची इंग्लंडातली जुनी रीत आपण उचलली आणि साहेब गेल्यावरही जपली. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची तर अशी ठाम समजूत होती, की पब्लिक स्कूल म्हणजे सरकारमान्य आणि नुसती 'शाळा' म्हणजे साधी.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे लोक दोन कामांसाठी येतात. कादंबरी वाचून तिच्याविषयी बोलायला फार थोडे. फॉर्म भरून घ्यायला पुष्कळ. जानेवारी उजाडला की शाळाप्रवेशाचे फॉर्म सुरू होतात. येणारी बहुतेक जोडपी तिशीतली, सातारा-सांगली-कोल्हापूरकडची. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात नाहीतर वाशीच्या मार्केटात कामाला, बायको घरी शिवणकाम करणारी किंवा एखाद्या दवाखान्यात नोकरीला. मूल पाच-सहा वर्षांचे. प्रश्न एकच, कुठल्या शाळेत घालायचे? हा प्रश्न विचारताना त्यांच्या आवाजात जी भीती असते, ती मी गृहकर्ज मागणाऱ्यांच्याही आवाजात ऐकलेली नाही. कर्ज चुकले तर फेडता येते. मुलाची दहा वर्षे चुकली तर काय, हे ते बोलून दाखवत नाहीत.

यांच्याच आज्या-पणज्यांच्या दारात जाऊन हाच प्रश्न ज्या माणसाने उलट्या बाजूने विचारला, तो मला अशा वेळी आठवत राहतो. कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचे पुतळे गावोगाव आहेत. पांढरी दाढी, खादीचे जाडेभरडे कपडे, भव्य देह. पण पुतळा नेहमी उभा असतो. मला जे भाऊराव महत्त्वाचे वाटतात, ते कुठल्यातरी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलेले आहेत आणि तुझा पोरगा माझ्याकडे दे, म्हणून त्याच्याशी तासभर वाद घालत आहेत.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज या कोल्हापूरकडच्या गावी, जैन कुटुंबात झाला. मूळ घराणे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून. सरकारी बदलीच्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाची जी आबाळ होते, ती या मुलाचीही झाली असणार. बदल्यांच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. अभ्यासात मुलगा बेताचा, अंगाने दांडगा, कुस्तीत रमणारा. वडिलांनी विचार करून त्याला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये ठेवले. आपल्या समाजाचे वसतिगृह, शिस्त, सोवळे. पालकाच्या दृष्टीने याहून सुरक्षित निवड कुठली?

ती निवड फसली. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना काढून टाकले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने काही काळ गेला, पण शाळेचे गाडे इंग्रजी सहावीच्या पुढे सरकले नाही. मॅट्रिकही न झालेला हा मुलगा पुढे किती मॅट्रिक घडवणार आहे, हे तेव्हा पायगोंडांना कोणी सांगितले असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

याच लठ्ठ्यांच्या संबंधाने 1914 साली भाऊरावांवर मोठा प्रसंग आला. कोल्हापुरात राजा एडवर्ड आणि राणीच्या पुतळ्यांना डांबर फासले गेले. लठ्ठ्यांना त्यात गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले, अटक झाली, छळ झाला. त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण ज्या माणसाने बोर्डिंगमधून बाहेर काढले त्याच्याविरुद्ध ते खोटे बोलले नाहीत. चरित्रकार हा प्रसंग रंगवून सांगतात. मी तो एवढ्यासाठीच सांगतो, की पुढे खेड्यातली माणसे आपली पोरे या गृहस्थाच्या हवाली करायला तयार झाली, ती असल्या कमाईच्या जोरावर. बँकेच्या भाषेत बोलायचे तर पत आधी जमली, व्यवहार नंतर.

त्यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी जी नोकरी केली, तिच्याकडे चरित्रांतून घाईने पाहिले जाते. मला वाटते, तीच त्यांची खरी शाळा. ते ओगल्यांच्या काच कारखान्याचे विक्रेते होते. मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत फिरले. पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याशी त्यांचा संबंध आला. लोखंडी नांगर विकणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा माणसाला पत्रक देऊन भागत नाही. त्याच्या बांधावर जावे लागते, त्याचा लाकडी नांगर आधी पाहावा लागतो, आणि मग आपला नांगर चालवून दाखवावा लागतो. गावोगाव पायपीट करताना कुठल्या गावात शाळा आहे, कुठे नाही, असून कोणाची पोरे तिथे जात नाहीत आणि का जात नाहीत, याची जी माहिती भाऊरावांना मिळाली ती कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याच्या दप्तरात नसेल.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. राजाला तो अधिकार होता आणि महाराजांनी तो योग्य कामी वापरला. त्याच्याही आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. भाऊराव या दोघांनाही मानणारे, सत्यशोधकी वळणाचे. पण त्यांच्या हाती ना गादी, ना कायदा. दंड करण्याची सोय नसलेल्या माणसाला समजावण्यावाचून मार्ग नसतो.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी, सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. महार, मराठा, मुसलमान, जैन, सगळ्या जातींची मुले एका छपराखाली; स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट सगळे मुलांनीच करायचे आणि एका पंगतीला जेवायचे. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

कराडच्या शाखेत मी पाच वर्षे होतो. पेन्शन घ्यायला येणाऱ्या वृद्ध शिक्षकांपैकी काही जण या वसतिगृहांतून शिकलेले. पहिल्या तारखेची गर्दी ओसरली की ते बाकावर टेकत आणि बोलत. त्यांच्या बोलण्यातून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की त्यांच्या आईबापांचे प्रश्न शिक्षण चांगले की वाईट, असे नव्हतेच. गुरे कोण राखणार? पोरगा बाटला तर लग्न कसे जमेल? दूर गेला आणि आजारी पडला तर? शिकून तो आम्हालाच ओळखेनासा झाला तर? भाऊरावांचे मोठेपण हे, की यातला एकही प्रश्न त्यांनी अडाणीपणा म्हणून उडवून लावला नाही. प्रत्येकाचे उत्तर त्यांनी व्यवस्थेत शोधले. खर्चाची धास्ती म्हणून मुलांच्या श्रमावर चालणारे वसतिगृह. शिकलेला पोरगा शेतीला लाजेल ही भीती, म्हणून अभ्यासाबरोबर कुदळ-फावडे. पोटाची काळजी करायला आई हवी, म्हणून वसतिगृहात स्वतःची बायको.

लक्ष्मीबाईंविषयी लिहिताना आपल्याकडे त्याग हा शब्द टाकून पुढे जातात. मुलांच्या पोटासाठी त्यांनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने परजातीची पोरे पोटच्या पोरांसारखी सांभाळली आणि 1930 साली त्या गेल्या. माझ्या टेबलावर सोने तारण ठेवायला आलेल्या शेकडो बायका मी पाहिल्या आहेत. सोन्याची पुडी सोडताना त्यांचे हात कसे होतात, हे मला माहीत आहे. लक्ष्मीबाईंना हे दागिने सोडवून घ्यायचे नव्हते आणि ज्यांच्यासाठी दिले ती मुले त्यांची नव्हती. भाऊरावांच्या नावाने जेवढे लिहिले गेले त्याच्या दशांशानेही त्यांच्यावर लिहिले गेलेले नाही, आणि हे मला खटकते.

वसतिगृहासाठी भाऊरावांनी मूठ धान्याची योजना चालवली. घरातल्या बाईने दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचे, ते गोळा करून मुलांना घालायचे. मोठ्या देणग्या त्यांना नको होत्या असे नव्हे. पण रोज मूठभर देणारे घर हे त्या शाळेचे भागधारक होते. आपले धान्य जिथे जाते तिथे काय चालते, हे ती बाई विचारणारच. शाळा आणि पालक यांच्यातला हा व्यवहार मला आजच्या 'पॅरेंट्स मीटिंग'पेक्षा पुष्कळ जिवंत वाटतो.

मग कामाचा पसारा वाढत गेला. 1935 साली साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. 1938 नंतर ज्या गावांत शाळाच नाही तिथे स्वयंसेवी शाळा काढण्याचे सरकारी धोरण आले, तेव्हा भाऊरावांनी देवळात, चावडीत, मिळेल त्या आडोशाला वर्ग भरवले. या शाळांची संख्या 578 पर्यंत गेली. आधी शिक्षक आणि मग शाळा, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. हल्ली आधी इमारत, मग गणवेश, मग बस, आणि शिक्षकाची जाहिरात मे महिन्यात.

1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय, आणि कमवा-शिका. मुलांनी शेत कसायचे, दगड फोडायचे, बांधकाम करायचे आणि त्यातून शिकायचे. याविषयी माझ्या मनात थोडी अढी आहे, ती सांगून टाकतो. श्रीमंताच्या मुलाने पुस्तक वाचायचे आणि गरिबाच्या मुलाने पुस्तकासाठी दगड फोडायचा, हा न्याय मला पुरता पटत नाही. पण त्या म्हाताऱ्या शिक्षकांना मी हे बोलून दाखवले तेव्हा त्यांना ते आवडले नाही. फुकट मिळालेल्या शिक्षणाचे ओझे आयुष्यभर वाहावे लागले असते, ते लागले नाही, असे त्यांचे मत पडले. ज्यांनी दगड फोडले त्यांच्याशी मी किती वाद घालणार?

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण याच सुमारास एक जड प्रसंग उभा राहिला. सरकारवरच्या त्यांच्या टीकेमुळे मुंबई सरकारने 1948 साली संस्थेचे अनुदान थांबवले. शेकडो शाळा, शिक्षकांचे पगार, हजारो मुले, आणि सरकारचा हात आखडलेला. शेवटी गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. भाऊराव त्या उपकारांना विसरले नाहीत. 1954 साली कराडला निघालेल्या महाविद्यालयाला त्यांनी गाडगे महाराजांचे नाव दिले.

या अनुदान शब्दापाशी मी कामोठ्यातल्या पालकांना थांबवतो. शाळा कोणाची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी सांगतो, आधी पगार कोण देतो ते विचारा. सरकारी शाळा शासनाची किंवा महापालिकेची. कामोठे 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. अनुदानित शाळा संस्थेची, पण शिक्षकाचा पगार सरकारचा. या दोन्हींत आठवीपर्यंत शिक्षण फुकट. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा सगळा खर्च पालकाच्या खिशातून. मधल्या प्रकारच्या शाळा आहेत हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसते. त्यांच्या मते एक फुकटची आणि एक चांगली, अशा दोनच जाती.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच सेक्टरमधले एक जोडपे आले होते. दोघेही कराडकडचे. एका खासगी शाळेत मुलीचे नाव घालायचे ठरवून, फीसाठी बायकोच्या गंठणावर कर्ज किती मिळेल हे विचारायला. मी कागद घेतला. समजा, पहिलीची फी वर्षाला 40,000 आणि दर दोन वर्षांनी पंधरा टक्के वाढ. दहावीत ती 70,000 च्या घरात जाते आणि दहा वर्षांची बेरीज होते 5,39,000. बस, वह्या, गणवेश, सहल वेगळे. गंठण पहिल्या वर्षीच संपत होते. नवरा गप्प बसला. बायकोने मात्र विचारले, की काका, मग आम्ही काय बघून शाळा ठरवायची?

मी तिला सांगितले ते असे. शिक्षण हक्काच्या कायद्याने, जो 2010 पासून लागू आहे, खासगी शाळांतही पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा नियम राज्य सरकारने केला होता. तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. अर्ज ऑनलाइन, मग सोडत. भाड्याने राहणाऱ्याला भाडेकरार नोंदणीकृत लागतो. साधा शंभराच्या स्टँपवरचा चालत नाही, आणि कामोठ्यातले निम्मे अर्ज याच दगडाला ठेचकाळतात. शिवाय ही सवलत आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी समोर उभी राहते, तिचा हिशेब आजच करा. उलट, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला आठवीत केंद्र सरकारची एनएमएमएस परीक्षा देता येते. कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ती परीक्षाच नाही.

आणि एक गोष्ट फॉर्ममध्ये नसते. शाळा भरलेली असताना जाऊन बघा. वर्ग किती, शिक्षक किती, दुसरीतले कुठलेही मूल उठवले तर ते वाचते का, मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे की कुलूपबंद. सरकारी आणि अनुदानित शाळांत कायद्याने व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. ही समिती कधी बसली, हे मुख्याध्यापकांना विचारा. इंग्रजी माध्यमाविषयी मी तिला काही सांगितले नाही. घरात इंग्रजी पेपर येत नसताना मुलाचा अभ्यास कोण घेणार, एवढेच विचारले. 'रयत'चीही कामोठ्यात इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तेव्हा या बाबतीत भाऊरावांचे नाव पुढे करून कोणाला दटावण्यात अर्थ नाही.

तिने चार शाळा पाहिल्या. नवऱ्याने एकही नाही, कारण त्याला सुटी नव्हती. मुलगी आता एका अनुदानित मराठी शाळेत आहे. सासरच्या मंडळींनी गणपतीत गावाकडे तिला यावरून बरेच ऐकवले, असे कळले. मुलीची थोरली चुलतबहीण इंग्रजी शाळेत जाते आणि टायची गाठ स्वतः बांधते. ही बोलणी पुढची आठ वर्षे चालतील, आणि ती एकट्या त्या बाईलाच ऐकावी लागतील.

भाऊरावांच्या काळात पोराला वसतिगृहात धाडणाऱ्या घरालाही गावाचे असेच ऐकावे लागे. त्या शिक्षकांच्या बोलण्यात हे अनेकदा येई. फरक एवढा, की तेव्हा भाऊराव पुन्हा त्या गावी जात. पोरगा कसा आहे, किती शिकला, हे ओसरीवर बसून चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. आईबापांना मग पाणवठ्यावर मान वर करून जाता येई. शाळा निवडून झाल्यावर पालकाच्या मागे कोणीतरी उभे राहावे लागते, हे त्यांनी नांगर विकतानाच ओळखले असावे. एकदा नांगर विकला आणि विक्रेता फिरकलाच नाही, तर पुढचा नांगर त्या गावात खपत नाही.

1959 च्या जानेवारीत त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला सन्माननीय डी. लिट. दिली. त्यानंतर जेमतेम महिना गेला आणि 9 मे 1959 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात भाऊराव वारले. शाळांना सुटी होती. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. कराडच्या बाकावर बसणाऱ्या त्या शिक्षकांपैकी एकाला ती बातमी बांधावर कळली. पेरणीआधीची नांगरट चालली होती, औत सोडून तो तसाच साताऱ्याकडे निघाला आणि उरलेले रान त्या दिवशी त्याच्या बापाने, ज्याने त्याला वसतिगृहात पाठवायला दोन वर्षे नकार दिला होता, एकट्याने नांगरले.